बंदुकीचा वाटा

बंदूक घ्यायची ठरल्यापासून ती हातात येईपर्यंत जो भेटला त्याने मला एकच विचारलं: डुकरासाठी की वांदरांसाठी? तलाठ्याने विचारलं, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं, रत्नागिरीच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्स काढणाऱ्याने माझे कागद वाचता वाचता विचारलं. मी प्रत्येकाला सांगत राहिले की मातीच्या तबकड्यांसाठी. यंत्रातून हवेत उडतात, हाताच्या पंजाएवढ्या असतात, त्या उडत्या फोडायच्या. खेळ आहे, त्याच्या स्पर्धा होतात. ऐकणारा समजुतीने मान हलवायचा आणि म्हणायचा, "हां, म्हणजे आधी सराव. मग डुक्कर."

आमचं घर रत्नागिरीपासून आत, कातळाच्या सड्याखालच्या एका वाडीत. घरात आई, काका आणि मी. बाबा मुंबईला गोदीत नोकरीला, युनियनचं काम करणारे. सुटीला येताना त्यांच्या बॅगेत खाऊ कमी आणि पत्रकं जास्त असायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. कॉलेजात असताना मीही एक पत्रक काढलं होतं, आमच्या वाडीतल्या पारधीविरुद्ध, म्हणजे सगळ्या वाडीने मिळून केलेल्या शिकारीविरुद्ध. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, लोळवून जातात हे खरं. पण पारध हा काही त्यावरचा उपाय नाही. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्या वाटणीत मला सगळ्यात मोठी खोट दिसत होती. डुक्कर मारलं की प्रत्येक पुरुषाला एक वाटा आणि प्रत्येक बंदुकीला एक वाटा. बंदूकवाला घरी झोपून राहिला आणि दुसऱ्याने त्याची बंदूक नेली तरी बंदुकीचा वाटा मालकाच्या घरी पोचतो. जो माणूस करवंदीच्या काट्यांतून आरडाओरडा करत डुक्कर उठवतो त्याला एक, आणि लोखंडालाही एक. बायकांना शून्य. हे सगळं मी पत्रकात लिहिलं. वाडीत सगळ्यांनी ते घेतलं, काहींनी वाचलंही असावं, आणि पुढच्या पारधीला मटण बांधून द्यायला वापरलं.

अशा मुलीला बंदूक कशाला हवी, हा प्रश्न रास्त आहे आणि बाबांनी तो फोनवर विचारलाच. पुण्यात शिकत असताना एक मैत्रीण मला शहराबाहेरच्या रेंजवर घेऊन गेली. मी नुसती बघायला गेले होते. तबकडी उडाली, समोरच्या मुलीने बार काढला आणि तबकडीचा काळा धूर झाला. त्यानंतर मी जात राहिले. शिकवणाऱ्या बाई स्वतः एके काळी स्पर्धा खेळलेल्या. त्यांच्याकडची उसनी बंदूक मला लांब पडायची. गाल दस्त्यावर बसायचा नाही, दर वेळी मार गालफडावर यायचा आणि तबकडी आपली तशीच पुढे निघून जायची. बाई म्हणाल्या, "उसन्या बंदुकीवर तुझं हे असंच राहणार. राज्य स्पर्धेला उतरायचं असेल तर स्वतःची घे. आणि डोळ्यांनी निवडू नकोस, खांद्याने निवड."

तेव्हा मला हवं होतं ते एवढंच: माझ्या खांद्याला बसणारी बंदूक, आणि जिच्या बाराने कधी जीव जाणार नाही अशी. दोन्ही अटी मला सारख्याच होत्या. बाबा म्हणाले, "हत्यार घरात आलं की घर हत्याराचं होतं." मी म्हटलं की हे वाक्य पत्रकाला चांगलं आहे. त्यांनी फोन आईकडे द्यायला सांगितलं.

मदतीला आले ते काका, आणि याचं मला खरंच बरं वाटलं होतं. त्यांच्याकडे पूर्वी ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाची. परवाना पुढे वाढवून मिळाला नाही आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. तेव्हापासून ते पारधीला जात ते नुसतेच. गुडघ्यांमुळे धावणं नाही, हातात बंदूक नाही, म्हणून खालच्या पाणंदीवर एका धोंड्यावर बसून राहत आणि संध्याकाळी एक वाटा घेऊन येत. माझ्या परवान्यासाठी मात्र हेच काका गुडघे विसरले. पोलीस पाटलाकडे दोनदा गेले, साक्षीदार आणले, माझं पत्रक मनाला लावून घेतलेल्या एकाला तर समजावून बरोबर घेऊन आले. मला वाटलं, त्यांना खेळ कळला. आईला मी तसं म्हटलंही. आई कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. म्हणाली, "तुझ्या काकांना खेळ कळतो, यात काय शंका."

परवाना आला आणि गणपती गेल्यावर आम्ही कोल्हापूरला निघालो. एकटीने जाण्याचा माझा बेत होता. काका सकाळी धुतलेला शर्ट घालून पडवीत तयार.

दुकान जुनं, काचेची कपाटं, त्यात उभ्या बंदुका आणि भिंतीवर दुकानदाराच्या आजोबांचा फोटो. दुकानदाराने काकांना खुर्ची दिली. मला नाही.

"या काका. कोकणातनं का? शेतीसाठी बघायची?"

"हिच्यासाठी," काका म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि परत काकांना विचारलं, "झेपंल का ओ त्यांना?"

"झेपेल की. खांदा बरा हाय तिचा."

मी म्हटलं, "मी इथेच उभी आहे. मला वर-खाली नळ्यांची दुनळी दाखवा, बारा बोअरची."

"ती कशाला ताई? ती खेळाडू लोक घेतात."

"मी खेळाडूच आहे."

"असं व्हय," तो म्हणाला. "कुठल्या खेळाच्या?"

त्याने आधी एक बारीकशी बंदूक काढली आणि दोन्ही हातांवर नवजात बाळासारखी माझ्यापुढे धरली. ही लेडीजसाठी, एकदम हलकी, म्हणाला. बंदूक हलकी असली की तिचा धक्का खांद्यावर जास्त येतो, हे बंदुका विकणाऱ्याला मी सांगायचं का? सांगितलं. एका दिवसात शंभर बार काढायचे असतात, धक्का खायला वजनच लागतं. तो म्हणाला, "ते पुरुषांचं झालं." न्यूटनने हा फरक केल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं, तेही सांगितलं. काका खुर्चीतून म्हणाले, "हिच्याशी वाद घालू नका. हिचा बाप मुंबईत हेच करतो."

मग काका स्वतः उठले. त्यांनी कपाटातली आडवी दुनळी मागितली, नळ्या शेजारी शेजारी असलेली. आम्ही नारळ निवडतो तशी ती कानाजवळ धरली, बोटाच्या पेराने नळीवर दोनदा टकटक केलं, मान तिरकी करून आवाज ऐकला, मग उजेडाकडे धरून आतून बघितली. दुकानदार आदराने बघत होता. मी मात्र रेंजवर हे करून दाखवलं असतं तर मला बाहेर काढलं असतं.

"ही घे," काका म्हणाले. "ही पक्की हाय. जवळ आलेल्या जनावराला एक बार चुकला तरी दुसरा लागंल."

"कुठल्या जनावराला?"

"बोलायची रीत गो ती."

एका कोपऱ्यात एक वापरलेली वर-खाली दुनळी होती. कुणा डॉक्टरांची, ते स्पर्धा खेळायचे, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून दुकानात ठेवायला दिलेली. दस्त्यावर ओरखडे होते, पण सांधे घट्ट होते आणि उघडताना नळ्या लोण्यात सुरी जावी तशा खाली गेल्या. मी बाईंनी शिकवलं होतं तसं केलं. डोळे मिटले, बंदूक खांद्याला आणली, गाल टेकवला आणि मग डोळे उघडले. नळीवरची पट्टी नजरेसमोर सरळ यायला हवी. सरळ आली, पण मान ताणून. दस्ता मला दोन बोटं लांब होता. बाकी सगळं माझं होतं.

दुकानदार म्हणाला, मागे मिस्त्री आहे, कापून रबरी टाच बसवून देईल.

"कापायची नाय," काका म्हणाले.

इतका वेळ ते गमतीत होते. हे गमतीत नव्हतं. मी विचारलं, का?

"चांगली वस्तू कुणी कापतो? उद्या दुसऱ्या कुणी धरायची म्हटली तर?"

"दुसऱ्या कुणी धरायची नाहीच आहे, काका. परवाना माझा आहे."

"मी म्हणतो आपलं. पुरुषाच्या खांद्याला आखूड होणार ती."

"होऊ दे की."

"काका बरोबर बोलतायत," दुकानदार मध्ये पडला. "पुढं विकताना गिऱ्हाईक मिळणार नाही ताई."

अजून घेतली नव्हती तोवर एकाला ती विकायची होती आणि दुसऱ्याला कुणाच्या तरी खांद्याला लावायची होती. मी म्हटलं, कापा. काका बाहेर जाऊन फुटपाथवर उभे राहिले, कुणाच्या तरी ऑपरेशनला थांबावं तसे. मिस्त्रीने दस्ता कापला, टाच बसवली, कडा घासल्या. मी पुन्हा डोळे मिटून बंदूक उचलली. गाल आपणहून जागेवर गेला आणि डोळे उघडले तर पट्टी समोर, रेंजवरच्या आभाळाकडे जाणाऱ्या पायवाटेसारखी. त्या अख्ख्या दिवसात मला कुणाचा राग आला नाही अशी तेवढीच वेळ.

परतीच्या एसटीत सुटी केलेली बंदूक पेटीत, आणि पेटी काकांच्या मांडीवर. मला देईनात. आंबा घाटात कंडक्टरने पेटीवर बोट ठेवलं. "काय हाय यात?"

"सनई," काका म्हणाले.

खोटं मला सहन होत नाही, आणि कारण नसताना बोललेलं तर मुळीच नाही. मी म्हटलं, "बंदूक आहे. परवाना आहे. दाखवू?" सगळ्या एसटीतलं बोलणं थांबलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी कडेवरचं मूल दुसऱ्या बाजूला घेतलं. कंडक्टर परवाना न बघताच पुढे गेला आणि रत्नागिरी येईपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

"सनई म्हटली असती तर काय बिघडलं असतं?" काका म्हणाले. "माणसं बोलत तरी राहिली असती."

थोड्या वेळाने ते पेटीवर हात फिरवत शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "आपली बंदूक. आजच घेतली." आपली हा शब्द मी ऐकला. कोकणात घरातल्या माणसाची म्हैससुद्धा आपली असते, म्हणून मी सोडून दिला.

बंदुकीची पोलीस ठाण्यात नोंद झाली. मी तिच्यासाठी लोखंडी कपाट केलं. काकांनी चावी कुठे ठेवतेस म्हणून सहज विचारलं, मी सहज सांगितलं नाही. मग दसरा आला. मी रत्नागिरीत ज्या साप्ताहिकात काम करते तिथून दुपारी घरी आले तर पडवीत पाटावर काकांचा कोयता, आईची भाजी चिरायची पावशी, बाबांचा जुना टाइपरायटर अशी हत्यारं मांडलेली, आणि काका माझी वाट बघत. बंदुकीची पूजा करायची होती. आई म्हणाली, करू दे, वर्षाचा सण आहे. मी कपाट उघडलं, मोकळी आहे ना ते दोनदा बघून बंदूक पाटावर ठेवली. मी पाणी प्यायला आत जाऊन येईपर्यंत काकांनी दोन्ही नळ्यांवर ओल्या कुंकवाची बोटं ओढली होती. आमच्या दमट हवेत लोखंडाला नुसता श्वास लागला तरी गंज धरतो. मी फडकं आणि तेल घेऊन बसले. काका म्हणाले, "देवाचं पुसतेस?" मी म्हटलं, "गंज पुसते. देव राहू दे."

एवढ्यात वाडीतले चौघे-पाचजण आपट्याची पानं द्यायला आले. सोनं देऊन झालं आणि सगळे बंदुकीभोवती बसले. मी जागची उठले नाही, फडकं तिच्यावरच होतं, तरी एकाने "बघतो जरा" म्हणत उचलून खांद्याला लावलीच.

"आखूड हाय ही."

"पोरांची हाय काय रे?"

"तिच्या मापाची केलीन," काका अपराध्यासारखे म्हणाले. "टाचेला लाकडाची पट्टी मारून वाढवता येईल."

मी बंदूक त्या माणसाच्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. लाकडाची पट्टी कशाला मारायची, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण सणाच्या दिवशी घरी आलेल्या माणसांसमोर किती वेळा तेच बोलायचं? मला कंटाळा आला होता. पत्रकातून कंटाळा येत नाही, समोरासमोर येतो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी बाहेर गेले होते. संध्याकाळी आले तर आई वाटण वाटत होती, खोबरं भाजल्याचा वास रस्त्यापर्यंत. पडवीत सागाच्या पानांत बांधलेले दोन पुडे. पारध झाली होती.

"दोन कसे?" मी विचारलं. काकांचा एकच येतो.

आईने मिक्सर बंद केला. "एक काकांचा. एक तुझ्या बंदुकीचा."

"बंदूक कपाटात आहे."

"म्हणून काय झालं? नवीन बंदूक वाडीत आली. मान म्हणून पाठवलाय."

काका झोपाळ्यावर बसले होते. मला बघून त्यांनी झोपाळा थांबवला. मी पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, हे आईने नंतर कबूल केलं.

"काका, हा वाटा का आला?"

"रीत हाय. नवी बंदूक आली की पहिला वाटा न जाता मिळतो. पुढच्या खेपेला ती डुकराच्या वाटेवर, बसणीवर बसते."

"कोण बसवणार?"

"तू नको येऊ. बंदूक दे. मी बसेन."

"तुम्हाला कुणी सांगितलं की मी देईन?"

"मी शब्द दिला होता," काका म्हणाले. "शिमग्यात. परवान्याला साक्षीदार असेच येतात काय? म्हटलं, आपल्या घरात बंदूक येते हाय, पारधीला ती मिळेल."

म्हणजे पोलीस पाटलाकडच्या फेऱ्या, मनाला लावून घेतलेल्या माणसाची समजूत, धुतलेला शर्ट, दस्ता कापू नको म्हणणं, सगळं एका दोरीने बांधलेलं होतं आणि ती दोरी माझ्या बंदुकीला होती. माझ्या परवान्यावर माझं नाव आहे. दुसऱ्याच्या हातून त्या बंदुकीचा एक बार रानात निघाला तर परवाना जाईल, बंदूक जाईल, स्पर्धा जाईल. आणि हे काहीच गेलं नाही तरी एक डुक्कर जाईल, आणि त्याच पारधीविरुद्ध मी छापील कागद वाटले होते. मी हे सगळं बोलले. फार बोलले.

"इतक्या वर्षांत कोण पकडलाय?" काका म्हणाले.

"वाटण झालंय," आई आतून म्हणाली. "काय ते लवकर ठरवा."

मी बंदुकीचा पुडा उचलला आणि निघाले. काका मागून चप्पल शोधत, "थांब गो बाय, असं नाय करायचं," म्हणत आले. वाडीचे जे मानकरी पारधीची वाटणी करतात त्यांचं अंगण चार घरं पलीकडे. अजून वाटणी पुरती आटपली नव्हती. माणसं अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलेली, मधे केळीच्या पानांवर लहान लहान ढीग, आणि मानकरी पाटावर. काकांहून मोठे, शांत, कुणावर आवाज न चढवणारे. अशा माणसाशी भांडणं फार अवघड.

मी पुडा त्यांच्यासमोर ठेवला. "हा माझ्या बंदुकीच्या नावाने आलाय. माझी बंदूक पारधीत नाही. आज नाही आणि पुढेही नाही."

"खायचं नसलं तर नको खाऊ," ते म्हणाले. "वाटा परत येत नाय."

"आलाय. हा बघा."

गडग्यावर कुणीतरी हसलं. मानकऱ्यांनी पुड्याला हात लावला नाही. "बाय, तुझी बंदूक ताटल्या फोडणार म्हणतेस. फोड. पण इथं डुक्कर भात खातो तो ताटलीत खात नाय. त्याचं काय करायचं तू सांग."

मी नुकसानभरपाईबद्दल सांगितलं, अर्ज सांगितले, कुंपणाची योजना सांगितली. माझं मलाच ते पत्रकासारखं वाटत होतं. मग मी वाटणीवर आले, कारण तिथे मी पक्की होते. लोखंडाला वाटा कशासाठी? धावणाऱ्याला दोन द्या. घरी रांधणाऱ्या बाईला एक द्या.

"रांधणारीला वाटा कशाला?" एकजण म्हणाला. "आख्खं भांडं तिच्याच हातात असतं."

"तर काय," दुसरा म्हणाला. "आम्हाला तरी कुठं मोजून मिळतं."

सगळे हसले. मानकरी हसले नाहीत. ते काकांकडे वळले. काका अंगणाच्या कडेला उभे होते, आत आले नव्हते.

"वाटा परत घेतला तर काय होतं, हिला सांगितलंस?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा मानकऱ्यांनीच मला सांगितलं. वाटा परत करणारं घर वाटेकरी राहत नाही. भात पिकलं की वाडीतले पुरुष पाळीपाळीने राखणीला बसतात. ती राखण वाटेकऱ्यांच्या शेतांची. आमचे कुणगे सगळ्यात वर, रानाला लागून. "हा दम नाय देत मी," ते म्हणाले. "रीत सांगतो." आणि काकांना म्हणाले, "बंदूक आपली म्हणून तू शब्द दिलास. ही म्हणते तिची. कुणाची हाय?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. परवाना माझ्या नावावर, दस्ता कापलेला माझ्या मापाला, आणि विचारायचं काकांना. मी तोंड उघडलं. पण काका पुढे आले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी गप्प राहिले, आणि मी अशी गप्प क्वचित राहते. त्यांनी शिमग्यापासून वाडीत मान वर करून चालायला सुरुवात केली होती. पाणंदीवरच्या धोंड्यावरून उठून ते पुन्हा बसणीवर बसणार होते. ते सगळं एका उत्तरावर होतं.

"तिची हाय," काका म्हणाले.

"मंग शब्द कुणाच्या बंदुकीचा दिलास?"

"चुकला माझा शब्द."

मानकऱ्यांनी पुडा उचलला, दोरा सोडला आणि मटण बाकीच्या ढिगांत सारखं वाटून टाकलं. सावकाश, एकेक तुकडा. आम्ही दोघं उभे. वाटून झाल्यावर ते काकांना म्हणाले, "तुझा माणसाचा वाटा तुझ्याकडंच राहू दे. तू आलेलास."

"नको," काका म्हणाले. "आणून देतो."

आणि खरंच घरी येऊन, झोपाळ्याकडे न बघता, ते आपला पुडा घेऊन परत गेले. आईने त्या वाटणात अंडी घातली.

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. जेवताना मी सुरुवात केली, "काका, तुम्ही आज..." ते म्हणाले, "गप जेव." मी जेवले.

नंतरचं सगळं मानकऱ्यांनी सांगितलं तसंच झालं. राखणीला आमच्या बाजूला कुणी आलं नाही. शेजारच्या कुणग्यात डबे वाजायचे आणि डुकरं साहजिकच आमच्या कुणग्यात यायची. काका आणि मी बसलो, आई बसली, पण तीन माणसं रोज जागू शकत नाहीत आणि डुकरांना कुठे नोकरी आहे. मी नुकसानभरपाईचा अर्ज केला, एकट्या आमचाच नाही, ज्यांची इच्छा होती त्या सगळ्यांचा. अर्ध्या वाडीने सह्या केल्या. मानकऱ्यांनी केली नाही. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा कापणी उरकली होती. मोकळ्या कुणग्यात उभा राहून तो म्हणाला, "नुकसान कुठं आहे?" मी त्याला फोटो दाखवले. तो म्हणाला, फोटोत डुक्कर दिसत नाही.

माझं सगळं बरोबर होतं असं मी आजही म्हणते. कपाटात झोपलेल्या वस्तूला माणसाएवढा वाटा मिळू नये, आणि माझ्या बंदुकीने जीव जाऊ नये. महिन्यातून एकदा मी रात्रीची एसटी धरून रेंजवर जाते. गाल जागेवर बसतो. तबकड्या पूर्वीपेक्षा जास्त फुटतात, हव्या तेवढ्या अजून नाही. पण तुझी बंदूक ताटल्या फोडणार आणि भाताचं काय, या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर अर्ध्यावर आहे, आणि अर्ध्या उत्तराने भात राखता येत नाही, हे मला त्या वर्षी झोडणीला दिसलं.

रास लहान होती. काका तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि सूप हातात घेऊन माझ्याशेजारी बसले. बंदुकीबद्दल ते त्या दिवसापासून एक शब्द बोलले नव्हते.

"गेल्या सालच्या निम्मं नाय," ते म्हणाले.

"पुढच्या साली राखण मी लावते. आतापासून माणसं बघते."

"तू रविवारची ताटल्या फोडायला जाणार. आणि डुक्कर रविवारचाच येतो."

"मग रविवारी तुम्ही बसा."

काकांनी सुपातलं भात वाऱ्यावर धरलं. फोल उडून माझ्या अंगावर आलं.

"बसेन की," ते म्हणाले. "मला कुठं आता पारधीला जायचंय."